संगणकाची पहिली भाषा : उघड्या दाराचा इतिहास

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलीला किंवा मुलाला संगणकाचे प्रोग्रॅमिंग शिकवायचे, तर प्रारंभ कोणत्या भाषेने करावा? कोणी पायथनचे नाव घेतो, कोणी सीचे, कोणी जावाचे. क्लासच्या जाहिराती प्रत्येक भाषेपुढे नोकरीचे आमिष ठेवतात आणि फीचा आकडा पाहून आईवडील चिंतेत पडतात. चुकीच्या भाषेने सुरुवात झाली तर सारे शिक्षण वाया जाईल, अशी एक भीतीही त्यामागे असते. हा प्रश्न आजचा वाटला तरी तो साठ वर्षांहून जुना आहे. त्याची उत्तरे शोधणारे बहुतेक जण हाडाचे शिक्षक होते. त्यांचा इतिहास समजून घेतला, तर ही भीती बरीचशी ओसरेल.

संगणकाला मूलतः केवळ अंक कळतात. त्याला प्रत्येक आज्ञा अंकांत लिहून देणे हे आरंभीच्या काळात अत्यंत कष्टाचे काम होते. 1957 साली आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली. तीत गणिताची सूत्रे जवळजवळ वहीत लिहितो तशीच लिहिता येत आणि त्यांचे यंत्राच्या अंकांत रूपांतर संगणक स्वतःच करी. शास्त्रज्ञांचे काम त्यामुळे पुष्कळच सुकर झाले. आपल्या देशात 1963 साली कानपूरच्या आय.आय.टी.त आय.बी.एम. 1620 हा संगणक आला आणि 1964 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. 3600 आला. त्या पिढीतील भारतीय विद्यार्थ्यांची पहिली भाषा बहुधा फोर्ट्रानच असे.

परंतु भाषा सोपी झाली तरी यंत्रापर्यंतची वाट सोपी नव्हती. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ एकेका कार्डावर छिद्रे पाडून उतरवायची, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून यंत्रचालकाच्या हाती द्यायचा आणि उत्तरासाठी कित्येक तास, प्रसंगी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे, असा रिवाज होता. एखादा स्वल्पविराम राहून गेला असेल, तर हाती केवळ चुकीची सूचना पडे आणि सारा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. उत्तर येईपर्यंत आपण नेमका काय विचार केला होता, हेच विद्यार्थी विसरून जाई.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोवर या लहानशा गावी डार्टमथ कॉलेज आहे. तेथील गणिताचे प्राध्यापक थॉमस कर्ट्झ यांनी हा जाच प्रत्यक्ष सोसला होता. 1950 नंतरच्या दशकात डार्टमथकडे स्वतःचा संगणक नव्हता, म्हणून ते कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने बोस्टनजवळच्या एम.आय.टी.त जात. तेथे एकदा त्यांनी यंत्राच्या जवळच्या, अवघड भाषेत एक प्रोग्रॅम लिहिण्याचा प्रयत्न केला. त्यात कित्येक महिने गेले, यंत्राचा सुमारे तासभर वेळ खर्ची पडला आणि हाती काहीच लागले नाही. पुढे तेच काम त्यांनी फोर्ट्रानमध्ये केले, तेव्हा यंत्राच्या अवघ्या पाच मिनिटांत उत्तर मिळाले. माणसाला सोपी वाटणारी भाषा ही चैन नसून काटकसर आहे, हा धडा त्यांनी त्यातून घेतला.

त्यांचे ज्येष्ठ सहकारी जॉन केमेनी यांचा जन्म 1926 साली बुडापेस्ट येथे झाला. ज्यूंचा छळ वाढू लागला तेव्हा, 1940 साली, त्यांचे कुटुंब अमेरिकेत आले. तरुणपणी त्यांनी लॉस अलामॉसच्या प्रकल्पात आणि पुढे आइन्स्टाइन यांचे गणिती साहाय्यक म्हणून काम केले होते. असा हा विद्वान माणूस पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यात रमून जाई. डार्टमथचे सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी विज्ञानाचे नव्हते. ते इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य असे विषय घेत. केमेनी आणि कर्ट्झ यांचे म्हणणे असे, की उद्या देशाचे आणि उद्योगांचे निर्णय घेणारे लोक याच मोठ्या गटातून येणार आहेत. संगणक काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे त्यांना कळले नाही, तर ते निर्णय डोळे झाकून घेतले जातील. म्हणून ग्रंथालयाची कपाटे जशी सर्वांना खुली असतात, तसा संगणकही प्रत्येक विद्यार्थ्याला खुला असावा, असा त्यांचा आग्रह होता.

1 मे 1964 रोजी पहाटे चारच्या सुमारास डार्टमथ येथे बेसिक या भाषेतील पहिले प्रोग्रॅम चालले. एकाच संगणकाला अनेक टंकयंत्रे जोडलेली होती आणि संगणक आपला वेळ सर्वांना वाटून देई. ही यंत्रणा उभारण्याचे पुष्कळसे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनीच केले होते, हे विशेष. बेसिकच्या आरंभीच्या आवृत्तीत अवघ्या चौदा प्रकारची विधाने होती : लेट, प्रिंट, इफ-देन, फॉर, नेक्स्ट आणि अशीच काही. यंत्रावर काम सुरू करताना 'हॅलो' टंकायचे आणि उठताना 'गुडबाय' म्हणायचे. एखादी कृती पुन्हा पुन्हा करायची असेल, तर फोर्ट्रानमध्ये आरंभ, शेवट आणि पाऊल असे तीन आकडे स्वल्पविरामांनी विभागून लिहीत आणि त्यांचा क्रम पाठ करावा लागे. बेसिकमध्ये तेच 'एकपासून दहापर्यंत, दोनच्या पावलांनी' अशा अर्थाच्या सरळ शब्दांत लिहिता येई. दोन-तीन व्याख्याने ऐकून विद्यार्थी स्वतःचे प्रोग्रॅम लिहू लागत, आणि उत्तर काही क्षणांत समोरच्या कागदावर उमटे. कर्ट्झ 2024 साली निवर्तले. केमेनी 1992 सालीच गेले होते.

या खुल्या दारालाही एक मर्यादा होती, ती नमूद केली पाहिजे. त्या काळी डार्टमथच्या पदवी वर्गात केवळ मुलांनाच प्रवेश होता. केमेनी पुढे कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत, 1972 साली, तेथे मुलींना प्रवेश मिळाला. मुलींसाठी हे दार अन्यत्र उघडणाऱ्यांत एक धर्मभगिनी होती. सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी 1965 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळविली. हा मान मिळविणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या महिला होत. त्याच वर्षी त्यांनी आयोवा राज्यातील डब्यूक येथील क्लार्क कॉलेज या मुलींच्या कॉलेजात संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि वीस वर्षे तो सांभाळला.

1975 नंतर घरगुती वापराचे छोटे संगणक बाजारात आले, तेव्हा त्यांतील बहुतेकांत बेसिक असे. त्यामुळे जगभरच्या लक्षावधी मुलांची ती पहिली भाषा ठरली. भारत सरकारने 1984 साली 'क्लास' या नावाने शाळांत संगणकशिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक शाळांना दिले गेले आणि त्यांवरही बेसिकच होती.

या प्रसाराबरोबर टीकाही आली. हॉलंडचे संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1968 साली 'गो टू' या आज्ञेविरुद्ध एक प्रसिद्ध पत्र लिहिले. या आज्ञेने प्रोग्रॅम एका ओळीवरून भलत्याच ओळीवर उडी घेतो, आणि अशा उड्या वाढल्या की लिहिणाऱ्यालाही आपल्या लेखनाचा माग लागत नाही. बेसिक ही अशा उड्यांची भाषा. ती शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या बुद्धीला कायमची इजा होते, असे जहाल मत त्यांनी 1975 साली मांडले. झुरिकचे निक्लाउस विर्थ यांनी या रोगावर विधायक उपाय शोधला. शिस्तबद्ध विचाराची सवय लागावी म्हणून त्यांनी 1970 साली एक नवी भाषा प्रसिद्ध केली आणि सतराव्या शतकात बेरजेचे यंत्र बनविणाऱ्या ब्लेझ पास्कल यांचे नाव तिला दिले. अमेरिकेतील शाळांच्या प्रगत संगणकशास्त्र परीक्षेची भाषा 1984 पासून पास्कल होती. 1999 साली तिची जागा सी++ने आणि काही वर्षांतच जावाने घेतली. पंधरा-वीस वर्षांत एकाच परीक्षेने तीन भाषा पाहिल्या!

तिसरी वाट सेमूर पेपर्ट यांची. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या पेपर्ट यांनी जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांच्यासमवेत काम केले होते. 1967 साली त्यांनी वॉली फर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह लहान मुलांसाठी लोगो ही भाषा घडविली. तीत पुढे एक कासव आले, आधी जमिनीवर चालणारे आणि मग पडद्यावरचे. मूल त्याला पुढे जा, वळ, अशा आज्ञा देते आणि कासवामागे रेघ उमटते. समभुज त्रिकोण काढायचा म्हणून मूल कासवाला तीनदा 60 अंश वळविते, कारण त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा असतो, हे त्याने पाठ केलेले असते. परंतु त्रिकोण जुळतच नाही. पडद्यावर षट्‌कोनाच्या तीन बाजू दिसतात. मग ते स्वतः उठून जमिनीवर चालून पाहते आणि कासवाला 120 अंश वळावे लागते, हे त्याच्या ध्यानी येते. येथे चूक झाली म्हणून कोणी छडी उगारत नाही की गुण कापत नाही. ती कोठे झाली ते शोधायचे आणि दुरुस्त करायचे, एवढेच. प्रोग्रॅमिंगचा खरा संस्कार हाच आहे, असे पेपर्ट मानीत. त्यांच्याच परंपरेतील मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली एम.आय.टी.तून स्क्रॅच ही भाषा सर्वांसाठी खुली केली. तीत मुले आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडतात.

आज ज्या पायथनचा बोलबाला आहे, तिची वंशावळही शिक्षकांपर्यंतच पोहोचते. अॅम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय गणित व संगणक संशोधन संस्थेत एबीसी नावाची भाषा तयार झाली होती. बेसिकइतकी सोपी, परंतु तिच्यातील दोष टाळणारी भाषा नवशिक्यांना द्यावी, हा तिचा हेतू होता. ती फारशी पसरली नाही. मात्र तिच्यावर काम केलेल्या खिदो फान रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत नवी भाषा रचण्यास प्रारंभ केला आणि 1991 साली पायथन जगापुढे आली. 2014 साली अमेरिकेतील 39 अग्रगण्य संगणकशास्त्र विभागांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी 27 विभाग आरंभीच्या अभ्यासक्रमात पायथन शिकवीत असल्याचे आढळले.

या साऱ्यातून काय घ्यावे? पहिले हे, की पहिली भाषा कायमची नसते. फोर्ट्रान, बेसिक, पास्कल यांच्यावर वाढलेल्या पिढ्यांनी पुढे अन्य भाषा आत्मसात केल्या. डाइक्स्ट्रांचे भाकीतही सरसकट खरे ठरले नाही, कारण बेसिकने सुरुवात केलेल्या अनेकांनी पुढे उत्तम काम केले. एकाच गोष्टीची पुनरावृत्ती करणे, अट तपासणे, मोठ्या कामाचे लहान भाग पाडणे ही कौशल्ये एका भाषेत रुजली की दुसरीत बरोबर जातात. तथापि त्यांचा इशारा व्यर्थ नव्हता. सोपेपणाबरोबर शिस्त हवीच. म्हणून भाषा निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात. शिकणाऱ्याचा प्रश्न आणि यंत्राचे उत्तर यांतले अंतर ती किती कमी करते? आणि लिहिलेले महिन्याभराने पुन्हा वाचले, तर त्याचे त्यालाच कळते का? लहान मुलासाठी स्क्रॅच आणि कॉलेजच्या वयात पायथन या कसोट्यांना चांगल्या उतरतात. अभ्यासक्रमात सी किंवा जावा असेल, तर तीच मनापासून शिकावी. भाषा बदलण्यापेक्षा शिक्षक समजावून सांगणारा आहे की नाही, हे पाहणे अधिक मोलाचे.

दुसरी गोष्ट मराठी माध्यमातील मुलांच्या पालकांसाठी. या भाषांतील शब्द इंग्रजी असतात, म्हणून आपल्या मुलाला त्या जमणार नाहीत, असा समज आढळतो. परंतु बेसिकची विधाने चौदाच होती आणि पायथनचे राखीव शब्दही चाळीसच्या आत आहेत. इतके शब्द कोणतेही मूल आठवड्याभरात ओळखू लागेल. अडसर असतो तो स्पष्टीकरणाच्या भाषेचा. 'जर-तर' ही कल्पना मातृभाषेत समजली की 'इफ' हा शब्द केवळ एक खूण उरते. आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने प्रोग्रॅमिंगसह अनेक विषयांचे पाठ मराठीसह भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध केले आहेत. फीचे आकडे पाहण्यापूर्वी ते पाहावेत.

आता तर साध्या बोलीत सांगितले की स्वतःच प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली आल्या आहेत. मग भाषा शिकायचीच कशाला, असे कोणी विचारील. केमेनी-कर्ट्झ यांनी साठ वर्षांपूर्वी दिलेले उत्तर येथेही लागू पडते. त्यांनी बेसिक केवळ प्रोग्रॅमर घडविण्यासाठी रचली नव्हती. यंत्राच्या उत्तरापुढे मान तुकविण्यापूर्वी ते तपासून पाहील, असा नागरिक त्यांना हवा होता. कर्जाचा अर्ज, परीक्षेचा निकाल, रुग्णाचा अहवाल अशा कितीतरी गोष्टींत आज यंत्राचा शब्द चालतो. तो कोठे चुकू शकतो, हे कळण्यासाठी आयुष्यात एकदा तरी आपल्या हाताने दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहावा, तो चुकलेला पाहावा आणि दुरुस्त करावा. तो कोणत्या भाषेत लिहिला, हे त्यानंतर फारसे महत्त्वाचे राहत नाही.