टाकी कुठे बांधावी: गुहांतील पाणबुड्यांच्या साधनांचा इतिहास

पाण्याखाली श्वास घेण्याच्या साधनांचा इतिहास सांगताना मानाचे पान रेग्युलेटरला, म्हणजे टाकीतील प्रचंड दाबाची हवा श्वासापुरत्या दाबावर आणून देणाऱ्या यंत्राला मिळते, आणि झाक कूस्तो व एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या अ‍ॅक्वालंगचे महत्त्व पाहता त्यात गैर काहीच नाही. तथापि हे यंत्र तोंडात धरून माणूस किती खोल आणि किती दूर जाऊन जिवंत परत येऊ शकेल, हे पुढच्या अर्धशतकात फार मोठ्या प्रमाणात ठरले ते टाक्या अंगावर कशा बांधल्या जातात यावरून. आणि ही बांधणी मुख्यतः कारखान्यांनी नव्हे, तर पाण्याने भरलेल्या गुहांत शिरणाऱ्या हौशी मंडळींनी, नळजोडणीच्या दुकानात मिळणाऱ्या सामानातून घडवली.

मोकळ्या समुद्रात हवा संपत आली तर निदान वर येण्याचा मार्ग उरतो. गुहेत डोक्यावर खडक असतो आणि जितके अंतर आत जावे तितकेच कापून बाहेर यावे लागते. सुरुवातीच्या टाक्यांवर राखीव हवेसाठी एक स्प्रिंगची झडप असे, जिला ‘जे-व्हॉल्व्ह’ म्हणत: दाब ठरावीक पातळीच्या खाली गेला की श्वास जड होई, मग पाणबुड्याने टाकीच्या कडेने खाली आलेली सळई ओढायची आणि उरलेली हवा मोकळी करायची. ही युक्ती समुद्रात चालून गेली; अरुंद भुयारात मात्र ती सळई खडकाला घासून नकळत खाली ओढली जाई, आणि जी राखीव आहे असे गृहीत धरले होते ती हवा आधीच खर्चात पडलेली असे. उरलेला दाब सतत दाखवणारा मापक रूढ झाल्यावर ही झडप मागे पडली.

पाठीवरच्या जोडटाक्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. दोन टाक्या एका आडव्या नळीने, म्हणजे मॅनिफोल्डने जोडल्या की हवा दुप्पट होते, पण सगळी हवा एकाच तोंडातून बाहेर पडत असल्यामुळे तेथला एक रेग्युलेटर बिघडला की दोन्ही टाक्या असून नसल्यासारख्या. बहामातील अँड्रॉस बेटाभोवतीच्या ‘ब्लू होल’ नावाच्या जलमय गुहांचा शोध घेणारे कॅनडावासी जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाने ओळखला जाणारा मॅनिफोल्ड या अडचणीवर उपाय ठरला: त्याला दोन तोंडे आणि दोन स्वतंत्र झडपा असल्याने एक रेग्युलेटर फेसाळू लागला तर त्याची झडप बंद करून दुसऱ्यातून दोन्ही टाक्यांची हवा घेता येते. टाकीच्या मानेशी असलेले रबरी कडेच फाटले तर मात्र हाही मॅनिफोल्ड हतबल होई. म्हणून पुढे आडव्या नळीच्या मध्यावर तिसरी, दोन्ही बाजू तोडणारी झडप आली. या सर्व झडपा मानेमागे असतात, आणि तिथवर हात पोहोचत नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. त्यामुळे टाक्या पाठीवर किती उंच बांधाव्यात हा प्रश्न सोयीचा न राहता सुरक्षिततेचा झाला.

इंग्लंडमध्ये हाच विचार अगदी वेगळ्या वाटेने गेला. सॉमरसेट परगण्यातील वूकी होल या गुहेत ग्रॅहम बालकोम्ब आणि जॅक शेपर्ड यांच्या गटाने १९३५ मध्ये केलेल्या बुड्या या परंपरेच्या आरंभी येतात, आणि १९४६ मध्ये तेथे केव्ह डायव्हिंग ग्रुप ही संस्था उभी राहिली. तिथल्या गुहांत बरेचसे अंतर चालत, सरपटत कापावे लागते आणि मध्येच पाण्याने बुजलेला एखादा तुकडा आडवा येतो. पाठीवर टाकी घेऊन अशा फटीतून जाणे अशक्यच; म्हणून १९६० च्या दशकात या मंडळींनी टाक्या जाड कमरपट्ट्याला, मांडीलगत अडकवायला सुरुवात केली. पोहताना शरीर आडवे आणि समतोल राहावे ही चिंता त्यांना नव्हती, कारण त्यांचे पोहणे थोडेच असे. ती चिंता १९८० च्या दशकात फ्लोरिडातील पाणबुड्यांनी वाहिली, आणि टाक्यांची वरची टोके काखेजवळ ताणून धरणारी रबरी दोरी लावून कडेच्या बांधणीला पोहण्याजोगे रूप दिले.

फ्लोरिडातील गुहा प्रशस्त आणि लांब, त्यामुळे तेथे मुख्य प्रश्न हवेच्या साठ्याचा होता. शेक एक्स्ली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोटेखानी पुस्तकात अपघातांची चिकित्सा करून जे नियम मांडले, त्यांत एकतृतीयांशाचा नियम प्रमुख आहे: एक भाग हवा जाताना, एक येताना आणि एक अनपेक्षित संकटासाठी. पाठीवरच्या साठ्यापलीकडे जायचे तर जादा टाकी हाताशी बाळगायची, ठरलेल्या जागी मार्गदोरीला अडकवून ठेवायची आणि परतताना उचलायची. या टाकीला ‘स्टेज’ म्हणतात. ती अ‍ॅल्युमिनियमची पसंत केली जाते, कारण पोलादी टाकी शरीराला एका बाजूला ओढते, तर अ‍ॅल्युमिनियमची पाण्यात जवळजवळ वजनहीन होते आणि रिकामी झाली की तिचे बूड वर उचलले जाते.

ही टाकी अडकवण्याची पद्धत हाच या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका तुकडा आहे. टाकीच्या मानेशी एक दोरीचा फास आणि धडाभोवती जुबिली क्लिप, म्हणजे मोटारीचा रबरी पाइप आवळणारी स्क्रूची पट्टी, या दोहोंमध्ये दोरी ताणून तिच्या टोकांना सरकत्या खिळीचे हूक बांधलेले असतात. धरायला सोपे जावे म्हणून त्या दोरीवर बागेच्या पाइपाचा तुकडा ओवतात. वरचा हूक छातीवरच्या आणि खालचा कमरेवरच्या कडीत जातो. हूक धातूला धातूने न जोडता दोरीनेच बांधण्याचा आग्रह आहे, कारण गंजलेला किंवा अडकलेला हूक उघडला नाही तर चाकूने दोरी तरी कापता येते. ज्या कड्यांत हे हूक जातात त्या बसवण्यासाठी पाठीवर धातूचा सपाट पत्रा आणि एकसंध पट्टा, ही रचना १९७० च्या दशकाअखेर उत्तर फ्लोरिडात रुजली. तिचे श्रेय ग्रेग फ्लॅनगन यांना दिले जाते, आणि तीतून अनावश्यक ते सर्व काढून टाकण्याचे बिल हॉगार्थ मेन यांना.

टाक्यांची संख्या वाढली तसा नवा धोका आला. वर येताना थांब्यांवर श्वसनासाठी नेलेला शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या वर निर्धोक मानला जातो, पण खोलवर चुकून तोंडात आला तर फिट येऊन माणूस बुडतो. रंगांवर, डाव्या-उजव्या बाजूंवर विसंबण्याची जुनी रीत अंधारात फसते. म्हणून टाकीवर ती जास्तीत जास्त किती खोलीवर वापरायची तेवढाच आकडा, सहकाऱ्यालाही दिसेल अशा मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत काटेकोर गटांनी लावून धरली.

या कुटुंबातील सर्वांत लहान टाकी श्वासासाठी नसतेच. खोल बुड्यांसाठी हेलियम मिसळलेला वायू वापरात आल्यावर, बाहेरच्या दाबाने चिमटणाऱ्या कोरड्या पोशाखात तोच वायू भरला तर अंग झपाट्याने गारठते, कारण हेलियम हवेच्या सुमारे सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो. म्हणून पाठीच्या पत्र्याशेजारी लीटरभराच्या आसपास मावेल अशी स्वतंत्र बाटली बांधून तिच्यात आर्गॉन भरण्याची चाल पडली; आर्गॉनची उष्णतावाहकता हवेच्या दोनतृतीयांश आहे. या बाटलीच्या जोडणीत दोन गोष्टी अनिवार्य ठरल्या. शुद्ध आर्गॉनमध्ये प्राणवायू नसल्याने तिला तोंडात धरायचा भाग कधीच लावायचा नाही. आणि तो भाग नसल्यामुळे रेग्युलेटर आतून गळू लागला तर वाढलेला दाब निसटायला वाट उरत नाही, म्हणून दाब सोडणारी छोटी झडप लावायचीच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील चाचण्यांत आर्गॉन आणि साधी हवा यांच्या उबेत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि कागदावर दिसणारा लाभ पोशाखात उतरतोच असे नाही हे त्यातून उघड झाले. बाटली मात्र पत्र्याशेजारी कायम राहिली, कारण तिच्यात आर्गॉन असो वा हवा, हेलियम पोशाखाबाहेर ठेवण्याचे तिचे मूळ काम त्या चाचण्यांनी कुठेच बाद ठरवले नव्हते.