शालेय शिक्षणात विकीचा वापर

शालेय शिक्षणात विकीचा वापर ही विद्यार्थ्यांनी सामायिक संकेतस्थळावरील पाने एकत्रितपणे लिहिणे, दुरुस्त करणे व परस्परांशी जोडणे यांवर आधारलेली अध्यापनपद्धती आहे. गटाचे लेखन एकाच ठिकाणी राहणे आणि प्रत्येक बदलाची नोंद जतन होणे ही तिची मुख्य वैशिष्ट्ये होत.

पार्श्वभूमी

अमेरिकन संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी विकीविकीवेब हे पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. 'विकी' या हवाईयन शब्दाचा अर्थ 'जलद' असा आहे. २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाल्यानंतर ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. पीबीविकी व विकीस्पेसेस या २००५ मध्ये सुरू झालेल्या सेवांमुळे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या शिक्षकांनाही आपल्या वर्गासाठी स्वतंत्र विकी उघडणे शक्य झाले.

कार्यपद्धती

विकीवरील प्रत्येक पानाला सहसा एक चर्चापान व एक इतिहास असतो. चर्चापानावर मजकुरासंबंधीचे मतभेद मांडले जातात, तर इतिहासात कोणत्या खात्यावरून, केव्हा व कोणता बदल झाला हे दिसते. पानाची जुनी आवृत्ती पूर्ववत करता येत असल्यामुळे नवशिक्या विद्यार्थ्याच्या चुकीने कायमचे नुकसान होत नाही. सरावासाठी वेगळे पान दिले जाते. मराठी विकिपीडियावर अशा पानाला 'धूळपाटी' म्हणतात.

गूगल डॉक्ससारख्या साधनांत अनेक जण एकाच वेळी एकाच मजकुरावर काम करू शकतात. विकीवर मात्र सामान्यतः एकाने बदल जतन केल्यानंतर दुसरा त्यात भर घालतो. त्यामुळे वेगवेगळ्या वेळी काम करणाऱ्या गटांना विकी अधिक सोयीची ठरते.

उल्लेखनीय उपक्रम

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील कॅमिला येथील शिक्षिका विकी डेव्हिस आणि बांगलादेशातील ढाका येथील आंतरराष्ट्रीय शाळेतील शिक्षिका जुली लिंडसे यांनी २००६ मध्ये 'फ्लॅट क्लासरूम' हा प्रकल्प राबवला. थॉमस फ्रीडमन यांच्या 'द वर्ल्ड इज फ्लॅट' या पुस्तकातील विषयांवर दोन्ही शाळांच्या विद्यार्थ्यांनी मिळून विकीची पाने लिहिली. हिवाळ्यात या दोन ठिकाणांच्या वेळेत ११ तासांचा फरक असतो. त्यामुळे एकत्र तास घेण्याऐवजी एका गटाचे काम दुसऱ्याने पुढे नेणे अधिक व्यवहार्य होते.

मूल्यमापन

सामूहिक प्रकल्पात सर्वांना समान गुण दिल्यास काम करणाऱ्यावर अन्याय होण्याची शक्यता असते. पानाच्या इतिहासावरून शिक्षकाला प्रत्येकाचा वाटा तपासता येतो. तथापि केवळ संपादनांची संख्या मोजणे दिशाभूल करणारे ठरते. शुद्धलेखनाच्या दहा किरकोळ दुरुस्त्यांपेक्षा एका परिच्छेदाची नव्याने मांडणी अधिक मोलाची असू शकते. शिवाय इतिहासात व्यक्तीची नव्हे, तर खात्याची नोंद होते. संगणक अपुरे असलेल्या शाळेत तीन-चार विद्यार्थी एकाच खात्यावरून काम करत असतील, तर सर्वांचे श्रम एकाच्या नावावर जमा होतात. अशा वेळी स्वतंत्र खाती देणे, किंवा बदलाच्या सारांशात लिहिणाऱ्याचा हजेरी क्रमांक नोंदवणे, हे उपाय करता येतात.

मर्यादा

पुस्तकातील किंवा संकेतस्थळावरील मजकूर जसाच्या तसा उतरवल्यास प्रताधिकाराचा भंग होऊ शकतो. पुण्यातील महाविद्यालयांत २०११ मध्ये राबवलेल्या विकिपीडियाच्या प्रायोगिक शिक्षण कार्यक्रमात हीच मोठी अडचण ठरली होती. म्हणून वाचलेला आशय स्वतःच्या शब्दांत मांडणे व स्रोताचा उल्लेख करणे हे आधी शिकवावे लागते.

सार्वजनिक विकीवर मुलांची पूर्ण नावे व छायाचित्रे उघड होण्याचा धोका असतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, तिची माहिती हाताळण्यापूर्वी सामान्यतः पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. टोपणनावे वापरल्याने आणि पाने केवळ वर्गापुरती खुली ठेवल्याने हा धोका कमी होतो.

खासगी सेवेवरील अवलंबित्व ही आणखी एक मर्यादा होय. फ्लॅट क्लासरूम प्रकल्पाने वापरलेल्या विकीस्पेसेसने २०१८ मध्ये शालेय वर्गांसाठीची सेवा बंद केली. ज्या शाळांनी पानांची प्रत स्वतःकडे उतरवून घेतली नव्हती, त्यांच्या विद्यार्थ्यांचे लेखन आणि त्याचा इतिहास त्या संकेतस्थळाबरोबरच नाहीसा झाला. त्यामुळे प्रत्येक सत्राच्या अखेरीस मजकुराची प्रत शाळेत जतन करणे आवश्यक ठरते.