फळ्यामागचे डबे

एल्फिन्स्टन हायस्कुलातली ही हकीगत धनंजय कीरांनी डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात दिली आहे. मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून मुले धावली, डबे बाजूला केले, मगच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले. तेव्हा ते परळच्या चाळीत राहत. १९०७ साली मॅट्रिक झाले.

परळमध्येच बालवाडी चालवण्यात माझा जन्म गेला, म्हणून ती धावणारी मुलेही माझ्या मनातून जात नाहीत. विटाळाचा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता. कोणाला पाणी वरून ओततात, कोणाला ओटीवरूनच परत लावतात, हे घरात पाहून ती शिकली होती. तीन-चार वर्षांचे मूल आपले उपदेश विसरते. आपण हात कुठे आखडता घेतला, ते मात्र बरोबर टिपते.

त्याच काळात, १८ ऑक्टोबर १९०६ला, दिवाळीच्या पाडव्याला, विठ्ठल रामजी शिंद्यांनी परळला मुरारजी वालजींच्या बंगल्यात अस्पृश्य मुलांची शाळा काढली. या कामासाठी उभ्या केलेल्या मिशनचे सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले, शेठ दामोदरदास सुखडवालांनी १,००० रुपये दिले. शिंदे ऑक्सफर्डला धर्मांचा अभ्यास करून आलेले, गिरगावच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक. व्याख्याने देऊन त्यांचे भागले असते. पण ते घरच्यांना घेऊन या कामात उतरले. बहीण जनाबाई मिशनच्या कामात राबली. मला शाळेच्या उद्घाटनापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. मराठा घरातली बाई आपल्यात वावरते, हे त्या मुलांनी रोज पाहिले.

पुढे १९३६ साली ताराबाई मोडकांनी दादरला शिशुविहार सुरू केले. बालशिक्षणात गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या या बाईंना शहरातली चांगली चाललेली शाळा पुरेना. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर दोघींनी शाळा हरिजनवाड्यातल्या अंगणात नेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी मग. सवर्ण घरातल्या बायकांचे हात त्या मुलांच्या डोक्यावरून फिरले. १९४५ सालच्या खेड्यात याला किती धैर्य लागले असेल!

आम्ही बालवाडीत एवढेच पाळले: गोल बसायचे, जागा रोज बदलायची, पाणी एकाच पिंपातले, आणि ते वाढण्याची पाळी सगळ्यांची. ‘त्याच्या शेजारी नको’ असे मूल म्हणाले, तर मी आधी त्याच्या घरी जाऊन बसायची.

जानेवारी १९९३च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे आपापल्या लोकांत राहायला गेली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. आता दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या जातीचे मूल आपल्या मुलाला खेळायलाच मिळत नाही, आणि सर्वधर्मसमभाव भित्तिपत्रकावर रंगवून घेतला जातो. त्या चित्रांवर माझा विश्वास नाही. आईबापांनो, पुढच्या वाढदिवसाला सोसायटीच्या फाटकाबाहेरची मुले त्यांच्या आईवडिलांसकट घरी बोलवा, आणि त्यांचे बोलावणे आले की स्वतः मुलाला घेऊन जा.