बिपरजॉय: संथ वादळ आणि घर सोडण्याचा निर्णय

९ जून १९९८ रोजी गुजरातला धडकलेल्या चक्रीवादळात हजाराहून अधिक माणसे दगावली. कांडला बंदराच्या परिसरात समुद्र आत घुसला आणि बंदरात व मिठागरांत राबणारे कामगार त्यात सापडले.

पंचवीस वर्षांनी, ६ जून २०२३ रोजी, अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ निर्माण झाले. वादळाला पुढे नेणारे उंचावरील वारे क्षीण असल्याने ते रेंगाळत राहिले. अशा वादळाचा मार्ग वर्तवणे कठीण असते. सुरुवातीला संगणकीय प्रारूपांत एकवाक्यता नव्हती.

किनाऱ्यावरील कुटुंबांपुढचा पेच यातूनच उभा राहतो. घर, गुरे, होडी सोडून निघावे आणि वादळ भलतीकडे वळले, तर पुढच्या इशाऱ्यावरचा विश्वास डळमळतो. थांबावे, तर उसळलेले पाणी परतीची वाट बुडवते.

कच्छमधील जखाऊ बंदराजवळ धडक बसेल, असे भारतीय हवामान विभागाने आधीच वर्तवले. प्रशासनाने सुमारे १ लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवले. १५ जूनच्या संध्याकाळी वादळ तेथेच धडकले. धडकेपूर्वी दोन मृत्यू झाले, त्यानंतर एकही नाही, असे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने दुसऱ्या दिवशी सांगितले.

दोन्ही वादळांची तीव्रता आणि धडकेची जागा भिन्न असल्याने तुलना सरळ नाही. तरीही एक फरक निर्णायक ठरला: रेंगाळणाऱ्या वादळाने दिलेला अवधी या वेळी वाया गेला नाही.