पाचारण आणि वतन

ख्रिस्ती धर्मविचारात ‘पाचारण’ या शब्दाला मोठे मोल आहे. ईश्वराचे पाचारण फक्त धर्मगुरूला आणि मठवाशाला होते, ही समजूत सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मोडली. चांभार, लोहार, शेतकरी यांचे रोजचे कामही ईश्वराचेच काम आहे, असे त्याने सांगितले. युरोपातील श्रमिकाला या विचाराने प्रतिष्ठा दिली, हे मान्य केलेच पाहिजे. येशू स्वतः सुतार होता. पौल तंबू बनवून पोट भरीत असे. तो धंदा कातड्याचा होता, असेही काही अभ्यासक मानतात.

पण हा विचार आमच्या गावगाड्यात आला की त्याचे काय होते? इथे काम माणूस निवडीत नव्हता. काम माणसाला जन्माआधीच निवडीत होते. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. मी इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या आजोबांनी गावकी केली: दवंडी, पाटलाचा सांगावा, मेलेले ढोर ओढणे. ही कामे म्हणजे ईश्वराचे पाचारण, असे त्यांना कोणी सांगितले असते, तर मनूने वेगळे काय सांगितले होते?

पौलाने करिंथकरांना लिहिले की, ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत राहावे. हे वचन गुलामगिरीच्या समर्थनासाठी पुष्कळ वापरले गेले. परंतु त्याला लागूनच, मोकळे होता आले तर दासाने व्हावे, असेही तो सांगतो. कोणते वाक्य उचलायचे, हे उचलणाऱ्याच्या हितसंबंधांवर ठरते.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठाणे केले. पुढे जिल्ह्यातील अनेक महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. मुले शाळेत गेली. कोणी शिक्षक झाला, कोणी खिळे जुळवणारा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांच्या हाती माग आणि छापखाना दिला. या ठिकाणी श्रद्धेने नवे काम दिले, म्हणून ती श्रद्धा खरी वाटते. पण गावात राहिलेल्यांचे काय? धर्म बदलला म्हणून गावाने त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली नाही. वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले; प्रत्यक्षात ती वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. जोखड प्रार्थनेने सुटले नाही, त्यासाठी लढा द्यावा लागला.

आता मद्रासचे एक प्रकरण पाहा. सुसाई नावाचे ख्रिस्ती आदि-द्रविड रस्त्याच्या कडेला चांभारकाम करीत. सरकारी योजनेत तेच काम करणाऱ्या हिंदू आदि-द्रविडांना मोफत टपऱ्या मिळाल्या. सुसाईंना मिळाली नाही, कारण १९५० च्या आदेशानुसार ते अनुसूचित जातीत मोडत नव्हते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही त्याच तीव्रतेचे सामाजिक दौर्बल्य टिकून राहते, हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. याच आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले.

हातातली आरी तीच, समोरची फाटकी चप्पल तीच, बसायची जागाही तीच रस्त्याची कड. ल्यूथरने ज्या चांभाराचा गौरव केला, त्याच चांभाराला या देशात त्याच्या श्रद्धेमुळे टपरी नाकारली गेली.

म्हणून, रोजच्या कामात ईश्वर शोधा, असे सांगणाऱ्या प्रत्येकाला आपण आधी विचारले पाहिजे: हे काम कोणी ठरवले? ते सोडण्याची मुभा आहे काय? त्याचा मोबदला कोण घेतो? ज्या श्रद्धेला हे प्रश्न परवडतात, तीच श्रमिकाची श्रद्धा होऊ शकते. ज्या श्रद्धेला ते परवडत नाहीत, तिने वतनाचे फक्त नाव बदललेले असते.