फिजिओथेरपी क्लिनिक सुरू करताना: जागा, मांडणी आणि उपकरणे

स्वतःचे फिजिओथेरपी क्लिनिक सुरू करायचे ठरले की बहुतेक जण आधी यंत्रांची किंमतपत्रके मागवतात. पण तुमच्याकडे येणारा रुग्ण वॉकर घेऊन, व्हीलचेअरवर किंवा नातेवाइकांच्या आधाराने येणार आहे. म्हणून रिक्षातून उतरल्यापासून उपचाराच्या कॉटपर्यंत तो सुरक्षित कसा पोहोचेल, याचा विचार आधी करा.

जागा निवडताना

शक्यतो तळमजल्यावरची जागा घ्या. वरचा मजला असेल तर लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते का आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे पाहा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे दारात अर्धा फूट उंचीची पायरी असेल, तर रॅम्प किमान ६ फूट लांब हवा. त्याला दोन्ही बाजूंनी कठडे लावा. दार उघडल्यावर मोकळी जागा ३ फूट असावी.

आतील मांडणी

• कॉट: तीन बाजूंनी उभे राहून काम करता यावे. उंची कमी-जास्त होणारी कॉट रुग्णाला सोयीची असते आणि तुमची कंबरही वाचवते.
• खासगीपणा: दोन कॉटमध्ये पडदा पुरतो, पण तपासणीसाठी आणि बाळंतपणानंतरच्या किंवा लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णांसाठी दार असलेली एक खोली हवीच.
• व्यायामाची जागा: पॅरलल बार साधारण १० फुटांचे असतात. दोन्ही टोकांना व्हीलचेअर वळवायला ५-५ फूट धरा; म्हणजे सलग २० फूट लागतील.
• भिंत: पुली आणि वॉल बार पक्क्या विटांच्या भिंतीलाच बसवा, जिप्समच्या पार्टिशनला नाही.
• फरशी: गुळगुळीत फरशीवर हॉट पॅकचे पाणी सांडले की रुग्ण घसरतो. खरखरीत फरशी किंवा न घसरणारे व्हिनाइल वापरा.
• स्वच्छतागृह: कमोड, भिंतीला पकडदांडे आणि बाहेर उघडणारे दार. रुग्ण आत पडला तर आत उघडणारे दार अडकते.

वीज आणि सुरक्षितता

प्लग पॉइंट कुठे हवेत हे रंगकाम करण्याआधी ठरवा. वाटेत एक्स्टेन्शनच्या वायर नकोत. अर्थिंग तपासून घ्या आणि गळतीचा प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवा. शॉर्टवेव्ह डायथर्मी घेणार असाल तर कॉट आणि खुर्ची लाकडी ठेवा आणि टेन्ससारखी यंत्रे तिच्यापासून काही मीटर दूर ठेवा. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला त्या भागात येऊ देऊ नका; दारावर तशी सूचना लावा.

हॉट पॅकच्या टाकीतले पाणी सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सिअस असते. पॅक टॉवेलच्या ६ ते ८ घड्यांत गुंडाळूनच वापरा. मधुमेही रुग्णाच्या त्वचेची संवेदना आधी तपासा, नाहीतर भाजल्याचे त्याला कळणारही नाही.

उपकरणे: आधी काय, नंतर काय

सुरुवातीला गोनिओमीटर, इंचपट्टी, रिफ्लेक्स हॅमर, रक्तदाब मापक, पल्स ऑक्सिमीटर, मॅट, वजनाचे पट्टे, रबरी बँड, जिममधला मोठा चेंडू आणि सरावाच्या पायऱ्या पुरेशा आहेत. यंत्रांपैकी गरजेपुरती एक-दोन घ्या.

कर्ज काढून महागडे यंत्र घेतले की दर महिन्याच्या हप्त्यासाठी ते प्रत्येक रुग्णाला लावण्याचा मोह होतो. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासारख्या सांध्यांच्या झिजेसाठी सर्व रुग्णांना व्यायाम सुचवला आहे. टेन्स, अल्ट्रासाउंड, लेसर यांसारखे विद्युत उपचार देऊ नयेत असे म्हटले आहे. म्हणजे अशा रुग्णांना यंत्रापेक्षा व्यायामाची मोकळी जागा आणि तुमचा वेळ अधिक उपयोगी आहे.

कागदपत्रे

राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आणि स्थानिक परवाने आधी पूर्ण करा. ड्राय नीडलिंग करणार असाल तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात टाका.

उद्घाटनाआधी एकदा स्वतः व्हीलचेअरवर बसून रस्त्यापासून कॉटपर्यंत आणि कॉटपासून स्वच्छतागृहापर्यंत जा. जिथे अडाल, तिथली दुरुस्ती आधी करा; यंत्र नंतरही घेता येते.