एक टेप न्या, दोन परत आणा

शाळेच्या पुस्तकात संगणकाचा इतिहास दीड पानात संपतो. चार्ल्स बॅबेज, मग खोलीभर पसरलेली अवाढव्य यंत्रं, आणि मग एकदम बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्ज. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, संगणक हा माझा विषय नाही. पण लहान शाळेत एका शिक्षकावर चार विषय येतात, तसा हाही आला. शिकवायचं म्हणून वाचायला लागलो आणि लक्षात आलं की त्या दीड पानात एक मोठी जागा मोकळी सोडलेली आहे. खोलीभर यंत्रापासून टेबलावरच्या यंत्रापर्यंत माणूस पोहोचला कसा? त्या मधल्या जागेत एकटा हुशार माणूस नाही. तिथे यंत्र बिघडलं म्हणून एकमेकांकडे विचारायला जाणाऱ्या लोकांची गर्दी आहे. आज त्या गर्दीविषयी लिहितो आहे.

गोष्ट १९७५ सालची, अमेरिकेतली. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या जानेवारीच्या अंकाच्या मुखपृष्ठावर एका पेटीचं चित्र छापून आलं. नाव अल्टेअर ८८००. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातली एमआयटीएस ही छोटी कंपनी ती विकणार होती. कंपनीचा मालक एड रॉबर्ट्स कॅल्क्युलेटरच्या धंद्यात बुडाला होता, कर्जात होता. सुट्या भागांच्या संचाची किंमत ठेवली ३९७ डॉलर. त्याला वाटलं, काही शे मागण्या येतील. आल्या हजारो. गंमत म्हणजे मुखपृष्ठावरची पेटी आतून रिकामी होती. मूळ नमुना पार्सलमध्ये वाटेतच हरवला होता, म्हणून फोटोपुरता नुसता सांगाडा उभा केला होता.

लोकांनी पैसे पाठवले आणि महिनोन्‌महिने वाट पाहिली. शेवटी जे घरी आलं, तो आपण ज्याला संगणक म्हणतो तसा संगणक नव्हता. ना कीबोर्ड, ना पडदा. पुढच्या बाजूला बटणांच्या रांगा आणि लाल दिवे. बटण वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. अशा एक-एक सूचना हाताने भरायच्या आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापीवरून वाचायचं. स्मरणशक्ती २५६ बाइट. आज देवनागरीतल्या एका चिन्हाला साधारण ३ बाइट लागतात. म्हणजे त्या यंत्रात मराठीची पंच्याऐंशी चिन्हं मावली असती, जेमतेम एक वाक्य. आणि वीज गेली की तेही पुसलं जायचं.

शिवाय हे सगळं स्वतः जोडायचं. शेकडो ठिकाणी डाख द्यायचा. एक सांधा कच्चा राहिला, ज्याला आपल्याकडचे रेडिओ दुरुस्त करणारे ड्राय सोल्डर म्हणतात, की यंत्र मुकं. कथलाचा एक थेंब शेजारच्या रेघेवर गेला की शॉर्ट. नवे बोर्ड बसवायचे तर त्यासाठीच्या खाचाही थोड्याच. जास्त हव्या असतील तर आणखी एक पट्टी घेऊन शंभर तारा एकेक करून जोडाव्या लागत. बिघाड कुठे आहे हे सांगणारं कोणी नाही. दुकान नाही, मेकॅनिक नाही, कंपनी हजार मैलांवर आणि तिला पत्रांना उत्तर द्यायला सवड नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? ज्याच्याकडे तीच वस्तू आहे, त्याला शोधतो.

५ मार्च १९७५ ला बुधवारी संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच नावाच्या अभियंत्याच्या गॅरेजमध्ये ३२ माणसं जमली. बोलावणारे दोघं होते, फ्रेंच आणि फ्रेड मूर. हा मूर संगणकवाला नव्हताच. तो युद्धविरोधी कार्यकर्ता. १९५९ मध्ये बर्कली विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध उपोषणाला बसला होता, पुढे सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगातही गेला. त्याला पैशापेक्षा माणसं एकमेकांशी जोडली जाण्यात रस होता. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या मधोमध एक अल्टेअर ठेवला होता आणि जो तो आपल्याला काय येतं, काय हवं आहे ते सांगत होता. यातून होमब्रू कॉम्प्युटर क्लब उभा राहिला. होमब्रू म्हणजे घरी बनवलेलं.

गॅरेज लवकरच अपुरं पडलं. पुढे दर पंधरा दिवसांनी स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्राच्या सभागृहात बैठका होऊ लागल्या. ली फेल्सेन्स्टाइन त्या चालवायचा. बैठकीचे दोन भाग असत. पहिल्या भागात एकेकाने उभं राहून सांगायचं: माझ्याकडे अमुक आहे, मला तमुक अडलं आहे, अमक्या चिपबद्दल कोणाला माहिती आहे का? कोणाकडे काय आहे हे सगळ्यांना कळलं की दुसरा भाग सुरू. लोक उठून आपल्या कामाच्या माणसाला गाठत आणि कोपऱ्याकोपऱ्यात घोळके जमत. एक शिक्षक म्हणून मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडे उस्ताद आणि शागिर्द ठरलेले असतात, जागा बदलत नाहीत. इथे वीजपुरवठ्याबद्दल सांगणारा उस्ताद पुढच्याच क्षणी प्रोग्रॅमबद्दल विचारणारा शागिर्द होत होता. आणि सुरुवात कशाने व्हायची? 'मला येत नाही' या वाक्याने.

स्टीव्ह डॉम्पियर या सभासदाचं उदाहरण घ्या. त्याने संच ३० तासांत जोडला. एकच बिघाड राहिला, स्मृतीच्या भागात. तो शोधायला आणखी ६ तास गेले. शेवटी काय निघालं, तर बोर्डावरच्या एका रेघेवर बारीकसा ओरखडा. पुढे काम करताना जवळ ठेवलेला रेडिओ खरखरू लागला. यंत्रातून निघणाऱ्या लहरी रेडिओ पकडत होता. ही तर एरवी कटकट. पण डॉम्पियरने कोणत्या सूचनेला कोणता सूर येतो हे शोधून काढलं आणि एप्रिलच्या बैठकीत अल्टेअरशेजारी रेडिओ ठेवून बीटल्सचं एक गाणं वाजवलं. हे यंत्र कामाचं काय, असं जो तो विचारत होता. त्याला मिळालेलं हे पहिलं उत्तर.

तरी मोठी अडचण स्मृतीचीच होती. २५६ बाइटवर काहीच भागत नव्हतं. एमआयटीएसने ४ हजार बाइटचे बोर्ड काढले, पण ते बेभरवशाचे निघाले. त्यातल्या चिप 'डायनॅमिक' जातीच्या होत्या. भरलेली माहिती त्यांच्यातून झिरपून जाते, म्हणून दर सेकंदाला शेकडो वेळा ती पुन्हा भरावी लागते. फुटक्या माठात सतत पाणी ओतत राहावं तसं. वेळ किंचित चुकली की माहिती बिघडली. बर्कलीच्या बॉब मार्श या सभासदाने गॅरेजमधून प्रोसेसर टेक्नॉलॉजी ही कंपनी सुरू करून 'स्टॅटिक' चिपचे बोर्ड बनवले. वीज आहे तोवर त्यांच्यातली माहिती जागची हलत नाही. लोकांनी कंपनीचे बोर्ड बाजूला ठेवून मार्शचे बसवले. हे शक्य झालं कारण अल्टेअरच्या शंभर पिनांच्या खाचेत कुठली तार कशासाठी आहे हे उघड होतं. कोणीही अभ्यास करून त्यात बसणारा बोर्ड बनवू शकत होता.

आता खरा पेच इथून सुरू होतो.

अल्टेअरसाठी बेसिक ही संगणकभाषा दोन तरुणांनी लिहिली होती, बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन. ती असली की बटणांच्या रांगांऐवजी शब्दांत सूचना देता येत. एमआयटीएसने किंमत अशी लावली की त्यांचे स्मृतीचे बोर्ड घेतले तर बेसिक अगदी स्वस्त, आणि नुसतं बेसिक हवं तर ५०० डॉलर, म्हणजे संगणकाच्या संचाहूनही महाग. थोडक्यात, चांगली वस्तू हवी तर खराब वस्तूही घ्या. लोक चिडले. जून १९७५ मध्ये पालो आल्टोच्या एका हॉटेलात कंपनीने प्रात्यक्षिक ठेवलं होतं. तिथून बेसिकची कागदी छिद्रांची टेप कोणीतरी उचलली. एका सभासदाने तिच्या डझनावारी प्रती काढल्या आणि क्लबच्या बैठकीत वाटल्या. अट एकच: एक टेप न्या, दोन परत आणा.

३ फेब्रुवारी १९७६ च्या तारखेने गेट्सने एक खुलं पत्र लिहिलं, ते क्लबच्या पत्रिकेतही छापून आलं. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. त्याचं म्हणणं असं की अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं. या कामाला लागलेल्या संगणकवेळेचीच किंमत ४० हजार डॉलरच्या वर जाते आणि हाती आलेल्या पैशाचा हिशेब केला तर आमची मजुरी तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही. यंत्राचे पैसे देता, मग ते ज्यावर चालतं त्याचे का नाही? त्याने सरळ चोरी हा शब्द वापरला.

या भांडणात एक बाजू घेणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. उर्दू वाचणाऱ्यांना कातिब माहीत असतात. सुंदर नस्तालीकमध्ये पानंच्या पानं हाताने लिहून देणारी माणसं. त्यांच्या लेखणीवर अख्खी वर्तमानपत्रं चालली, आणि त्यातल्या कित्येकांना पानामागे मिळणाऱ्या मजुरीत घर चालवणं अवघड होतं. नंतर संगणकावर नस्तालीक आलं, तेव्हा तेही आपल्या मोहल्ल्यांमध्ये एका सीडीवरून दुसऱ्या सीडीवर असंच पसरलं. त्यामुळे छोटी मासिकं निघाली, लग्नपत्रिका निघाल्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका निघाल्या. ज्यांना हजारो रुपये परवडले नसते त्यांच्या हाती हुनर आलं. पण ते अक्षर ज्याने रात्री जागून बसवलं, त्याच्या पदरात काय पडलं हे आपण क्वचितच विचारलं. इल्म वाटल्याने वाढतं हे खरंच आहे. कातिबाचं घर मजुरीवर चालतं, हेही तितकंच खरं आहे.

होमब्रूच्या पिढीने यावर नुसता वाद घातला नाही, कामही केलं. डेनिस अ‍ॅलिसन या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाने 'टायनी बेसिक'चा आराखडा 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी'च्या पत्रिकेत छापला: घ्या आणि आपापलं बनवा. वाचकांनी बनवलं आणि पाठवलं. टेक्सासमधल्या दोघांनी तयार केलेला प्रोग्रॅम पूर्ण छापून आला. या देवघेवीतूनच १९७६ मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' हे नियतकालिक सुरू झालं. टॉम पिटमन याने आपलं टायनी बेसिक ५ डॉलरला विकायला काढलं. किंमत वाजवी असेल तर लोक चोरण्याऐवजी विकत घेतील, अशी त्याची धारणा होती, आणि घेणारे मिळाले. म्हणजे तिसरा रस्ता होता. फुकट आणि ५०० डॉलर यांच्या मधला.

याच बैठकांना मागच्या बाकांवर एक लाजरा अभियंता बसायचा, स्टीव्ह वॉझ्नियाक. त्याने २५ डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या ६५०२ या चिपवर स्वतःचा संगणक बनवला आणि त्याच्या आराखड्याच्या झेरॉक्स प्रती क्लबमध्ये वाटल्या. ज्यांना जमत नव्हतं त्यांना जोडून द्यायलाही मदत केली. तोच पुढे १९७६ मध्ये अ‍ॅपल १ म्हणून ६६६.६६ डॉलरला विकला गेला. १९७७ च्या अ‍ॅपल २ मध्ये किती खाचा ठेवायच्या यावर वॉझ्नियाक आणि जॉब्ज यांचं बिनसलं. जॉब्जच्या मते दोन पुरे होत्या, वॉझ्नियाक आठवर अडून बसला. क्लबमध्ये त्याने पाहिलं होतं की लोक यंत्रात काय जोडतील हे बनवणाऱ्याला आधी कळत नसतं. आठ खाचा राहिल्या.

१९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यातही खाचा होत्या, आणि आतली रचना सांगणारं पुस्तकही विकत मिळत होतं. त्यावरून इतरांनी तसेच संगणक बनवले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क वेगवेगळी आणून जो 'असेंबल्ड' पीसी उभा केला जायचा, तो या उघड्या खाचांचाच वारसा. कंपनीचा संगणक ज्यांच्या आवाक्याबाहेर होता, त्यांच्या घरात संगणक आला तो असा. रॅम वाढवायची तर कोणीतरी ओळखीचा पोरगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायचा आणि चहावर काम व्हायचं.

होमब्रूला फार गोड रंगात रंगवायला नको. तिथे बहुतेक पुरुषच होते. त्यातले पुष्कळ आधीच इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरीला होते, घरी गॅरेज होतं, खिशात चारशे डॉलर होते. विचारायची मोकळीक होती, पण विचारण्याच्या जागेपर्यंत पोहोचणंच ज्यांना शक्य नव्हतं ते बाहेर राहिले. शिवाय सभासदांनी कंपन्या काढल्या तशी गुपितंही आली. फ्रेड मूर तर पहिल्या वर्षातच क्लबपासून दूर झाला. डिसेंबर १९८६ मध्ये क्लबची शेवटची बैठक झाली.

मूरचं नाव शाळेच्या पुस्तकात नाही. डॉम्पियर नाही, मार्श नाही, ५ डॉलरचा पिटमन नाही. हे सगळे गाळून इतिहास शिकवला की मुलांच्या मनावर ठसतं की मोठी कामं एकटा जन्मजात हुशार माणूस करतो, आणि ज्याला अडतं तो कच्चा. आपल्या वर्गांत हा समज खोलवर रुजला आहे. घरात शिकलेलं कोणी नाही असं मूल तर त्यामुळे हात वर करायलाच घाबरतं. ज्यांच्याकडे ट्यूशन आहे, मोठा भाऊ इंजिनिअर आहे, त्यांना विचारायला माणूस असतो. ज्यांच्याकडे कोणीच नाही, त्यांच्यासाठी तशी बैठक आपल्यालाच भरवावी लागेल. शाळेत, मोहल्ल्याच्या वाचनालयात, जिथे जमेल तिथे.

तिथे पहिला अर्धा तास फक्त 'मला हे अडलंय' असं सांगण्यासाठी ठेवावा. ज्याला ते येतं त्याने शेजारी बसून दाखवावं. आणि कोणाच्या मेहनतीने बनवलेली वस्तू आपण वापरत असू, तर तिची वाजवी किंमत देण्याची सवयही मुलांना त्याच बैठकीत लावावी.